कोल्ड प्रोसेस साबणाचा सुगंध: उडतो, बिघडतो की आपल्यालाच येत नाही?

केतकी (धागाकर्ती)

कोल्ड प्रोसेस (तेलांत लाय, म्हणजे कॉस्टिक सोडा, मिसळून, न शिजवता) साबण करणाऱ्यांनो, सुगंधाच्या बाबतीत तुमचे अनुभव हवे आहेत. साबण म्हणून माझ्या वड्या चांगल्या होतात. कडक असतात, फेस भरपूर येतो, अंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं होत नाही. घोडं अडतं ते वासापाशी, आणि दर वेळी वेगळ्या जागी अडतं.

संत्रं आणि लॅव्हेंडरची इसेन्शियल ऑइलं घातलेली बॅच ओतताना खोलीभर दरवळ होता. दुसऱ्या दिवशी वड्या कापतानाही बरा होता. चार आठवडे क्युअर झाल्यावर (फळीवर वाळत, मुरत ठेवल्यावर) संत्रं पार गेलं, लॅव्हेंडर वडी नाकाला लावली तरच कळतं. लवंगेच्या तेलाच्या बॅचचा वास उत्तम आहे, पण तेल घालताच मिश्रण पातेल्यातच आळलं. साच्यात ओतायच्या ऐवजी थापावं लागलं आणि वड्यांमध्ये पोकळ्या राहिल्या. व्हॅनिलाचं फ्रॅग्रन्स ऑइल घातलेला साबण सुगंधाला एक नंबर, पण जो पांढराशुभ्र हवा होता तो गडद तपकिरी झाला.

माझी पद्धत: ऑलिव्ह ४५ टक्के, नारळ २५, पाम २५, एरंडेल ५. सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम उरवलेलं तेल) ५ टक्के. लायचं द्रावण ३३ टक्क्यांचं. १००० ग्रॅम तेलांना ३० ग्रॅम सुगंध. तेलं आणि लाय दोन्ही ४५ अंशांच्या आसपास आले की मिसळते, ट्रेस आल्यावर (मिश्रण दाटसर झाल्यावर) सुगंध घालते आणि साचा टॉवेलात गुंडाळून ठेवते.

जिथे विचारावं तिथे एकच उत्तर मिळतं, ‘सुगंध वाढवा’. मला ते पटत नाही. वास नेमका कुठे जातो हे कळल्याशिवाय बाटली रिकामी करत राहायचं, हा उपाय नव्हे. तुम्ही कसं शोधून काढता?


नीलमोहर

संत्रं टिकत नाही. कोणाचंच टिकत नाही. पुढच्या तेलाकडे वळा :)


साचेवाले काका

केतकीताई, प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमच्या तीन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तिन्हींना एकच औषध लावायला गेलं की गोंधळ होतो.

मी आधी एवढंच विचारतो की बिघाड कधी झाला. पातेल्यात झाला असेल (आळणं, कण्या पडणं, फाटणं) तर सुगंधातला एखादा घटक लायशी किंवा साबणाशी भांडतोय. साच्यात पहिल्या दोन दिवसांत झाला असेल तर उष्णता बघायची. फळीवर क्युअर होताना वास गेला असेल तर तेल मुळातच उडणारं आहे किंवा वड्या ठेवायची जागा चुकली आहे. आणि बाहेरच्या माणसाला वास येतोय, फक्त करणाऱ्याला येत नाही, असं असेल तर साबणाला काहीच झालेलं नाही.

तुमचं संत्रं फळीवर गेलं. लवंग पातेल्यात भांडली. व्हॅनिलाचा वास तर टिकलाच आहे, तक्रार रंगाची आहे.

प्रमाण ३ टक्के अगदी योग्य आहे. ते वाढवू नका.


रसायनवाली

काकांनी चौकट चांगली आखून दिली आहे, मी त्यात थोडं रसायनशास्त्र भरते.

संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं. हा रेणू लहान आणि हलका, त्यामुळे तो खोलीच्या तापमानालाच उडत राहतो. शिवाय हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि ताजेपणा जातो. म्हणजे यात लायचा दोष फारसा नाही, तेलाचा स्वभावच तसा.

लॅव्हेंडरचं वेगळं. त्याच्या वासाचा मोठा हिस्सा लिनालिल अॅसिटेट या एस्टरचा असतो. आता गंमत बघा, आपण साबणासाठी जी तेलं घेतो तीही एस्टरच असतात आणि लाय त्यांना तोडते म्हणून तर साबण होतो. ती लाय ‘हा सुगंधाचा एस्टर, याला सोडते’ असं थोडंच करणार? लिनालिल अॅसिटेट थोडं थोडं तुटतं, लिनालूल उरतं. म्हणून साबणातलं लॅव्हेंडर बाटलीतल्यापेक्षा कमी गोड आणि थोडं सपाट लागतं. विंटरग्रीनच्या तेलात हे फार ठळक दिसतं. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट लायमध्ये तुटून त्याचं सोडियम सॅलिसिलेट होतं, आणि त्याला तो वासच नाही.

लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं, आणि ते आहे फिनॉल. फिनॉल आम्लासारखं वागतं, लायशी लगेच क्षार करतं आणि मिश्रणाचा वेग एकदम वाढतो. दालचिनीच्या पानांच्या तेलातही युजेनॉलच, तेही असंच वागतं.

व्हॅनिलिन अल्कलीत आणि हवेत तपकिरी होतं. त्याला इलाज जवळजवळ नाही.


प्रमोद घ

सगळं बरोबर, पण मूळ मुद्दा राहिला. संत्र्याच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट ५० अंशांच्या आसपास असतो. धागाकर्ती ४५ अंशांवर घालतात, वर टॉवेल गुंडाळतात. जेल फेजमध्ये (साच्यात साबण आपोआप तापून अर्धपारदर्शक होतो तेव्हा) तो ७० अंशांपर्यंत सहज जातो. फ्लॅश पॉइंट ओलांडला की सुगंध जळून जातो. साचा सरळ फ्रिजमध्ये ठेवा, प्रश्न मिटेल.


रसायनवाली

प्रमोदजी, हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते चूक आहे. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. तो आकडा साठवण आणि वाहतूक करणाऱ्यांच्या कामाचा. त्याच्या खाली तेल उडत नाही आणि वर गेलं की एकदम संपतं, असं काही नसतं. लिमोनिन उकळतं १७६ अंशांना, आणि तरीही २५ अंशांनाच उडत असतं, नाहीतर बाटली उघडल्यावर आपल्याला वास आला असता का?

उष्णतेने उडण्याचा वेग वाढतो, एवढं मात्र खरं. शिवाय साच्यातलं तेल साबणाच्या आत कोंडलेलं असतं, उघड्या पातेल्यासारखं नाही. म्हणून जेल टाळल्याने थोडा फरक पडेल, पण संत्र्याचं आयुष्य त्याने दुप्पट होणार नाही.


प्रमोद घ

फ्लॅश पॉइंटचं मान्य. पण जेल न झालेल्या माझ्या वड्यांना वास जास्त असतो, हा माझा अनुभव आहे आणि तो मी सोडणार नाही.


साचेवाले काका

सोडू नका. फक्त एकदा एकाच पातेल्यातलं मिश्रण दोन साच्यांत ओता, एक गुंडाळा, एक फ्रिजमध्ये ठेवा. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या बॅचची तुलना केली की त्यात दहा गोष्टी बदललेल्या असतात.


अबोली

लवंगेबद्दल लिहिते, कारण मसालेदार वासांचे साबण मला मनापासून आवडतात आणि ते नीट ओततासुद्धा येतात.

आधी नेमकं काय झालं ते ओळखायला शिका. बिघाडाच्या तीन तऱ्हा असतात आणि तिन्ही दिसायला वेगळ्या. रायसिंगमध्ये मिश्रणात बारीक पांढऱ्या कण्या दिसू लागतात, बाकीचं पातळच राहतं. चमचा उचलला की त्यावरून कण्या घसरताना दिसतात. ब्लेंडर थोडा वेळ फिरवला की बहुधा मोडतात. फाटणं म्हणजे कडेला तेलाची चकचकीत रेघ सुटते आणि मध्ये गोळा. हेही ढवळत राहिलं तर जुळून येतं. तिसरं म्हणजे सीझ होणं. मिश्रणाची चमक एकाएकी जाते, ते मॅट दिसायला लागतं, ब्लेंडरचा आवाज जड होतो आणि दांडा उचलला की सगळा गोळा त्याच्याबरोबर वर येतो. केतकी, तुझं हेच झालं असणार.

मी काय करते: लवंगेचं तेल ट्रेसवर घालतच नाही. लाय ओतायच्या आधीच ते कोमट तेलांत मिसळून टाकते, म्हणजे एका जागी साचून गोळा होत नाही. तापमान ३२ ते ३५ अंश. लायचं द्रावण ३३ ऐवजी २८ टक्क्यांचं. १४० ग्रॅम कॉस्टिकला ३३ टक्क्यांत साधारण २८० ग्रॅम पाणी लागतं, २८ टक्क्यांत ३६० ग्रॅम. तेवढ्या पाण्याने बरीच उसंत मिळते. ब्लेंडर फक्त तेल आणि लाय एकजीव होईपर्यंत, पुढे हाताने रवी किंवा व्हिस्क. नक्षीकाम त्या दिवशी विसरायचं, साचा हाताशी तयार ठेवायचा. पाणी जास्त असल्यामुळे वडी एक-दोन आठवडे जास्त वाळवावी लागते.

आणि लवंग थोडीच घाल. सुगंधाच्या एकूण मिश्रणात दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवलीस तरी वास पुरतो. ३० ग्रॅम नुसती लवंग त्वचेला चावते.


केतकी

अबोलीताई, हेच! चमक गेली आणि ब्लेंडरचा आवाज बदलला, अगदी असंच झालं. ३० ग्रॅममधली निम्मी लवंग होती. आता त्या वड्या वापराव्यात की नाही?


अबोली

चेहऱ्याला अजिबात नको. खरं सांगायचं तर अंगालाही नको. हात धुवायला ठेवायच्या म्हटल्या तरी घरात कोणाची त्वचा नाजूक असेल तर त्याही नकोत. किसून, बिनवासाच्या साबणाच्या मोठ्या बॅचमध्ये थोड्या थोड्या मिसळून संपव.


राघू

विषय निघालाच आहे तर सांगतो. इसेन्शियल ऑइलं थर्मोकोलच्या कपात मोजू नका. संत्र्याचं तेल ओतलं की कपाचं बूड विरघळतं आणि सगळं टेबलावर. लिमोनिन हा थर्मोकोलचा उत्तम द्रावक आहे. काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या.


टिकली

@राघू, साबण करताना टेबलही सुगंधी झालं, असं म्हणू या :D


साचेवाले काका

भांड्यांवरून आठवलं, नवे लोक वाचत असतील म्हणून लिहितो. लायसाठी अॅल्युमिनियमचं भांडं कधीही नाही. कॉस्टिक आणि अॅल्युमिनियमचा संयोग झाला की हायड्रोजन वायू निघतो आणि भांडं खाल्लं जातं. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. डोळ्यांना गॉगल हवाच. सुगंधाची चर्चा कितीही गोड असली तरी पातेल्यात तेच असतं.


वेदांगी

सुगंध टिकवायला केओलिन क्ले (बारीक पांढरी माती) घालून बघा. १००० ग्रॅम तेलांना दोन-तीन चमचे केओलिन घ्यायचं, सुगंध त्यात आधी अर्धा तास मुरवायचा आणि मग घालायचा. क्ले सुगंध धरून ठेवते. माझे सगळे साबण असेच असतात आणि वास टिकतो.


रसायनवाली

वेदांगी, क्लेने वडी मऊसूत लागते, ते मला आवडतं. पण ‘धरून ठेवते’ याची खात्री कशी केलीस? क्लेशिवाय तीच बॅच करून पाहिली आहेस का? आणि क्लेने खरंच घट्ट धरून ठेवलं तर नाकापर्यंत वास कसा येईल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.


वेदांगी

तुलना नाही केली. पण इतकी वर्षं साबण करतेय, नाकाला कळत नाही का?


टिकली

नाकाला कळत नाही, हीच तर अडचण आहे. आपण ज्या खोलीत साबण करतो त्याच खोलीत तो क्युअर होतो आणि आपण दिवसभर तिथेच असतो. सतत येणारा वास नाक काही मिनिटांतच दुर्लक्षित करतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा दारातच म्हणतो, ‘काय सुरेख वास येतोय!’ आणि मी फळीवरची वडी उचलून हुंगत असते, मला काही येत नाही.

केतकी, तू आधी एवढं कर. एक वडी दुसऱ्या कोणाकडे दे, ज्याने ती बनताना पाहिलेली नाही. आणि कोरडी वडी हुंगू नकोस, ओली करून फेस काढ. कोरड्या वडीच्या पृष्ठभागावरचा वास हवेने आधीच नेलेला असतो, आतला तसाच असतो. दोन-तीनदा वापरली की वरचा थर निघून जातो आणि वास परत येतो.


रसायनवाली

टिकलीच्या सल्ल्याला जोडून एक पद्धत सांगते, तिने केओलिनचा वादही मिटेल. एकाच पातेल्यातलं मिश्रण अर्धं करा, एका अर्ध्यात क्ले, दुसऱ्यात नाही. क्युअर झाल्यावर तीन वड्या घ्या, दोन सारख्या आणि एक वेगळी. त्यावर फक्त आकडे लिहा, सारख्या कागदात गुंडाळा आणि घरातल्या कोणाला तरी विचारा, यातली वेगळी कोणती? नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येईल. म्हणून एकाला एकदाच विचारून भागत नाही, जमेल तितक्यांना विचारा, प्रत्येकासाठी क्रम बदला. एक-तृतीयांशापेक्षा बऱ्याच जास्त लोकांनी वेगळी ओळखली तर फरक आहे. खाद्यपदार्थ आणि अत्तरांच्या कारखान्यांतही चाचणी अशीच होते.


वेदांगी

हे मी करणार. क्लेच्या वड्या स्पर्शाने ओळखू येतात, त्यामुळे हात न लावता हुंगायला सांगते.


मुक्ता

थोडं विषयांतर. सुगंध घालायलाच हवा का? मी आता निम्मे साबण बिनवासाचे करते. घरात लहान मूल आहे, आणि साध्या ऑलिव्हच्या साबणाचा स्वतःचा मंद वास मला पुरतो. ज्यांना घालायचाच आहे त्यांनी आयएफआरएची कागदपत्रं मागून घ्यावीत. ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ पासून आहे, आणि कुठल्या प्रकारच्या उत्पादनात कोणता घटक किती चालेल याच्या मर्यादा ती ठरवते. साबणासारख्या धुऊन जाणाऱ्या उत्पादनांचा वर्ग नववा. मर्यादा वेळोवेळी बदलतात, ५१वी सुधारणा २०२३ मध्ये आली, तेव्हा जुना कागद असेल तर नवा मागा. जो विक्रेता हा कागद देत नाही त्याच्याकडून मी काही घेत नाही.


केतकी

मुक्ता, विषयांतर नाही, हे हवंच होतं. व्हॅनिलावाल्याचा कागद काढून पाहिला, त्यावर व्हॅनिलिन ११ टक्के लिहिलंय. खरेदी करताना तो आकडा कशासाठी असतो हेच माहीत नव्हतं.


रसायनवाली

११ टक्के म्हणजे गडद तपकिरी होणारच. एखाद-दुसऱ्या टक्क्यानेही साबण मळकट पिवळसर होतो. ‘व्हॅनिला स्टॅबिलायझर’ म्हणून मिळतात ते कोल्ड प्रोसेसमध्ये बहुधा तपकिरी होणं थोडं लांबवतात, थांबवत नाहीत. टायटेनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याने तपकिरी थोडा फिका होईल, पांढरा नाही.


अबोली

म्हणून मी व्हॅनिलाशी भांडत नाही, त्याला नक्षीत घेते. मिश्रणाचा एक भाग बिनवासाचा ठेवायचा, दुसऱ्यात व्हॅनिला. ओतताना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, काही दिवसांनी तपकिरी-पांढरे पट्टे आपोआप उमटतात. फक्त सीमारेषा कालांतराने धूसर होते, कारण व्हॅनिलिन पांढऱ्या भागात झिरपतं. मला ती धूसर कड आवडते.


हर्षल_नवा

नमस्कार, मी नवीन आहे. घरात अंगावर फवारायचे परफ्यूम पडून आहेत, मेणबत्तीचे सुगंधही आहेत. ते साबणात चालतील का?


साचेवाले काका

हर्षल, परफ्यूम नको. त्यात बहुतांश अल्कोहोल असतं. अल्कोहोलने मिश्रण धडाधड आळतं आणि वास तर हाती लागतच नाही. मेणबत्तीचे सुगंध मेणासाठी बनवलेले असतात. त्यांच्या कागदावर वर्ग नऊची मर्यादा स्पष्ट दिलेली असेल तरच विचार करा, नसेल तर मेणबत्तीतच वापरा.


शमा

मला उलटी अडचण आहे. सुगंध जात नाही, पण दोन-तीन महिन्यांनी त्याच्या खालून एक विचित्र वास यायला लागतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा. वड्यांवर नारिंगी ठिपकेही आहेत.


साचेवाले काका

शमाताई, तो सुगंधाचा बिघाड नाही, तेल खवट झालंय. तेलांची यादी द्याल का? सूर्यफूल, सोयाबीन, द्राक्षबियांचं तेल यांचं प्रमाण जास्त असेल, सुपरफॅट जास्त ठेवला असेल किंवा तेल मुळातच जुनं असेल तर असं होतं. वड्या लोखंडी जाळीवर वाळवत असाल तर तेही कारण. लोखंड आणि तांबं ऑक्सिडेशनला हातभार लावतात. डिस्टिल्ड पाणी वापरा, सुपरफॅट ५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, आणि रोझमेरीचा अर्क तेलांत सुरुवातीलाच घाला. हा अर्क म्हणजे रोझमेरीचं इसेन्शियल ऑइल नव्हे, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आणि खवट झालेल्या तेलाला तो सुधारत नाही, चांगलं तेल जास्त दिवस टिकवतो, एवढंच.


शमा

सूर्यफूल ४० टक्के, जाळी लोखंडी, सुपरफॅट ८. तिन्ही एकदम! धन्यवाद काका.


नीलमोहर

मिसळल्यावर लगेच अमोनियासारखा वास येतो त्याचं काय? माझ्या दुधाच्या साबणाला दर वेळी येतो.


रसायनवाली

दूध, मध वगैरे घातलं की लाय प्रथिनांवर आणि साखरेवर काम करते, उष्णताही वाढते, त्यातून तो भपकारा येतो. क्युअर होताना जातो. त्यावर सुगंध घालून तो झाकायच्या फंदात पडू नकोस. दूध गोठवून त्याच्या खड्यांवर लाय हळूहळू घालत गेलं की भपकारा बराच कमी होतो.


प्रमोद घ

संत्र्याकडे परत येऊ या. फोल्डेड संत्र्याचं तेल वापरून पाहिलंय का कोणी?


रसायनवाली

हो, आणि केतकीला मी तेच सुचवणार होते. ऊर्ध्वपातन करून साध्या तेलातलं बरंचसं लिमोनिन काढून टाकतात. पाच पट, दहा पट असं लिहिलेलं असतं. हलका भाग कमी झाल्यामुळे उरलेलं तेल जास्त टिकतं. तरीही एकटं संत्रं घालू नकोस, त्याला खालून आधार दे.

डब्ल्यू. ए. पाउचर नावाच्या परफ्यूमरने १९५५ मध्ये तीनशेहून अधिक सुगंधी पदार्थांची उडण्याच्या वेगानुसार १ ते १०० अशी क्रमवारी लावली होती. टॉप, मिडल, बेस (आधी उडणारे, मधले, शेवटपर्यंत टिकणारे) हे वर्गीकरण त्यातूनच रूढ झालं. पॅचुलीला त्यात १०० आहे, म्हणजे सगळ्यात हळू उडणाऱ्यांतली. त्याचे आकडे गंधपट्टीवरचे आहेत, साबणातले नाहीत, पण दिशा कळते. मिश्रणात टिकाऊ काहीच नसेल तर महिन्याने काय उरणार? पॅचुली, सिडरवुड, व्हेटिव्हर यांतलं काहीतरी थोडं घालच. आणि संत्र्याच्या जागी लिंबूवर्गीय ताजेपणा हवा असेल तर लिट्सिया क्युबेबा किंवा लेमनग्रास, ती साबणात संत्र्यापेक्षा खूप बरी टिकतात.


अबोली

लॅव्हेंडरच्या जागी लॅव्हेंडिन (लॅव्हेंडरच्याच एका संकरित जातीचं तेल) घे. त्यात कापूर जास्त, वास जरा तिखट, पण साबणातून उठून येतो. बाटलीतून हुंगताना खरं लॅव्हेंडर जिंकतं, वडीतून हुंगताना लॅव्हेंडिन.


साचेवाले काका

वड्या कुठे ठेवता तेही सांगा. पंख्याखाली, उघड्या खिडकीत वाळवल्या तर पाणी जातं तसा वासही जातो. हवा खेळती हवी, वारा नको, ऊन तर नकोच. आणि दोन वेगळ्या वासांच्या वड्या एका खोक्यात भरू नका, व्हॅनिला सगळ्यांना आपल्यासारखं करून टाकतं. क्युअर पूर्ण झाल्यावर पातळ कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायच्या.


केतकी

अहो, माझ्या सगळ्या वड्या पंख्याखालीच असतात! ‘लवकर वाळाव्या’ म्हणून. ठीक आहे. आता एक बॅच करते: फोल्डेड संत्रं, लॅव्हेंडिन, लिट्सिया, खाली पॅचुली. एक पातेलं, दोन साचे, एक गुंडाळलेला, एक फ्रिजमध्ये. कपाटात क्युअर. मग येऊन सांगते.


टिकली

धागा वाचनखुणांत टाकला. वाट बघतेय.


वेदांगी

केओलिनचा निकाल आधी मी देते. घरातले आणि शेजारचे मिळून जितके सापडले तितक्यांना हुंगायला लावलं. वेगळी वडी अंदाजाने जेवढ्यांनी ओळखली असती जवळजवळ तेवढ्यांनीच ओळखली. म्हणजे माझ्या या सुगंधात तरी क्लेने फरक पडला नाही. क्ले मी घालतच राहणार, कारण वडी हाताला रेशमी लागते. पण ‘वास धरते’ असं यापुढे सांगणार नाही.


रसायनवाली

वेदांगी, करून बघितलंस आणि इथे लिहिलंस, हे मोलाचं आहे. दुसऱ्या एखाद्या तेलाने परत केलंस तर तेही टाक.


केतकी

आले. क्युअर झाला. वास आहे! कोरड्या वडीला मंद, ओल्या वडीला स्पष्ट. संत्र्याची पहिली झणझणीत लाट नाही, पण लिंबूवर्गीय गोडसरपणा आहे आणि मागून लॅव्हेंडिन. टिकली, तुझ्या सांगण्यावरून बहिणीला दिली, तिने कागद उघडायच्या आधीच ‘संत्रं आहे ना?’ विचारलं.

गुंडाळलेल्या आणि फ्रिजच्या वड्यांत वासाचा फरक मला सापडला नाही, बहिणीलाही नाही. प्रमोददादा, रंगाचा फरक मात्र छान आहे. जेल झालेल्या वड्या थोड्या पारदर्शक आणि रंगाने गडद, फ्रिजच्या दुधाळ.

जुन्या संत्रं-लॅव्हेंडरच्या वड्याही ओल्या करून पाहिल्या. लॅव्हेंडर थोडं आलं, संत्रं खरोखरच गेलेलं आहे.


प्रमोद घ

तुझ्या तेलांना फरक पडला नाही, मान्य. मी माझं नुसतं लेमनग्रास असंच दोन साच्यांत करून बघतो. तुझं मिश्रण ग्रॅममध्ये दे ना.


केतकी

१००० ग्रॅम तेलांना ३० ग्रॅम: लॅव्हेंडिन १२, फोल्डेड संत्रं (पाच पट) ९, लिट्सिया ४, पॅचुली ३, सिडरवुड २. सगळं आदल्या दिवशी काचेच्या बाटलीत एकत्र करून ठेवलं. या वेळी तापमान ३५ अंशांवर आणलं, लाय ३० टक्क्यांची. मिश्रण शेवटपर्यंत ओतण्याजोगं राहिलं.


अबोली

लिट्सिया ४ ग्रॅमच्या वर नेऊ नकोस, त्यातलं सिट्राल काहींच्या त्वचेला सोसत नाही. बाकी मिश्रण मस्त. मी यात संत्रं ७ करून उरलेले २ ग्रॅम व्हेटिव्हर घालून बघणार आहे.